योगाची बाजारपेठ आणि अमळनेरचे प्राचार्य

(दोंडाईचा येथील व्याख्यान)



मालाची पारख कशी करावी, हे दोंडाईच्याला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. मिरचीची रास समोर आली की रंग पाहिला जातो, ओल हाताने चाचपली जाते आणि मगच भाव ठरतो. केवळ स्तुती ऐकून येथे कोणी पैसे मोजत नाही.

आज जगाच्या बाजारात ‘वेलनेस’ नावाचा माल तेजीत आहे. ग्लोबल वेलनेस इन्स्टिट्यूट या संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ साली या उद्योगाची व्याप्ती सुमारे ६.३ लाख कोटी डॉलर होती. भारताच्या त्या वर्षीच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाहून हा आकडा मोठा आहे. सौंदर्यप्रसाधने, आहारपूरके, व्यायामशाळा, आरोग्य-पर्यटन हे सारे त्यात येते आणि योगही येतो. या मालालाही दोंडाईच्याची पारख लावावयास हवी.

ती कशी लावावी, याचा वस्तुपाठ खानदेशाशी निगडित आहे. याच तापी खोऱ्याच्या लोहमार्गावरील अमळनेर येथे राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविणारे जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून विख्यात झाले. बडोद्यास माणिकरावांकडे त्यांनी शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले आणि मालसरच्या परमहंस माधवदासांकडून योगाची दीक्षा. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले.

योग श्रेष्ठ आहे, एवढे सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक हाती घेतले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखविले आणि त्या निर्वाताला गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. प्राणायामाने शरीराला अधिक प्राणवायू मिळतो, असा समज त्या काळीही होता. प्रयोग तसे सांगत नाहीत, हे त्यांनी निःसंकोच लिहिले आणि प्राणायामाचे खरे मोल मज्जासंस्थेच्या शिक्षणात आहे, असे मत मांडले. गुरूविषयी नितांत श्रद्धा आणि सत्याविषयी तितकीच निष्ठा त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती.

बाजाराची रीत निराळी असते. त्याला मोजण्यापेक्षा मालकीत रस असतो. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे सादर केले, तेव्हा १९९७ साली ते रद्द झाले. तेथे केवळ अभिमान उपयोगी पडला नसता. कागद उपयोगी पडला. मात्र मालकी सांगणारे सारे परकेच असतात, असेही नाही. मूळ कोलकात्याचे बिक्रम चौधरी यांनी सव्वीस आसने व दोन श्वसनक्रियांच्या क्रमावर अमेरिकेत स्वामित्वहक्क सांगितला. २०१५ साली तेथील अपील न्यायालयाने तो फेटाळला.

११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरविला. १७७ देश त्या ठरावाचे सहप्रस्तावक होते. याचा आनंद जरूर मानावा. परंतु जग आसने करते, या समाधानात आपण बैठकीवरून उठायचेच नाही, हा कोणता अभिमान? एक दिवस मैदानावर आणि उरलेले दिवस खुर्चीवर, अशाने परंपरा जगत नाही.

‘स्वस्थ’ म्हणजे स्वतःच्या ठायी स्थिर असलेला. ही स्थिती दुकानातून आणता येत नाही. चटई विकत मिळते. पहाटेचा निश्चय मिळत नाही. खानदेशी घरातील ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी परदेशी वेष्टनात येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. त्याचबरोबर, मधुमेही व्यक्तीने आसने करावीत, पण रक्तातील साखर तपासत राहावी आणि वैद्यांच्या सल्ल्यावाचून औषध सोडू नये. योगाच्या नावाने कोणी चमत्काराची हमी देत असेल, तर त्याला पुरावा विचारावा. कुवलयानंदांनी तो स्वतःलाच विचारला होता.

परंपरेला आपल्याकडून दोनच गोष्टींची अपेक्षा आहे: नित्य अभ्यास आणि निर्भय पारख. त्या दोन्हींना बाजारात किंमत मोजावी लागत नाही.