चाचणीचा खर्च आणि घरची बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्या-पापडाचे विचारा, सांगेन. भाषण मी कसले करणार? पण कार्यवाहबाई म्हणाल्या, "कोरोनाच्या वेळी तुमच्या घरी जे झाले तेच सांगा. पावत्यांचे आणि विम्याचे सांगा. बायकांच्या उपयोगी पडेल." म्हणून उभी राहिले आहे.

गोष्ट जुलै २०२० ची. आषाढी नुकतीच होऊन गेली होती. लग्नसराई टाळेबंदीत बुडालेली, पैठणीला गिऱ्हाईक नाही, आमचे दोन्ही माग बंद. अशात आमच्या ह्यांना ताप आला, खोकला लागला. सरकारी दवाखान्यात चाचणी फुकट होते, हे आम्हांला ठाऊक होते. पण तिथे गेलो तर गल्लीत बोभाटा होईल, लोक दार टाळतील, ही भीती. म्हणून खाजगी प्रयोगशाळेचा माणूस घरी बोलावला. सरकारने तेव्हा ठरवून दिलेला दर असा होता: रुग्णालयात नमुना दिला तर २,२०० रुपये आणि घरी येऊन घेतला तर २,८०० रुपये.

घरात आम्ही चौघे: मामंजी, हे, मुलगा आणि मी. चौघांचे ११,२०० रुपये होत होते. डब्यात होते नऊ हजारांच्या आसपास. मी म्हटले, "मला काही होत नाही, माझी राहू द्या." तिघांचे ८,४०० दिले. २,८०० वाचवले, ह्याचे मला समाधानच वाटले.

ह्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली, बाकी दोघांची निगेटिव्ह. ह्यांना नाशिकला खाजगी रुग्णालयात ठेवले. मी घरी रांधत होते, मामंजींना चहापाणी, औषध देत होते. फोडणीचा वास येत नाही, हे मला दोन दिवस जाणवत होते. पण मी ते कोणाला सांगितले नाही. पाचव्या दिवशी मामंजींना ताप भरला. मग मात्र लाजलज्जा सोडून आम्ही सरकारी दवाखाना गाठला. चाचणी झाली, एक पैसाही लागला नाही. दोघेही पॉझिटिव्ह.

मामंजी सोळा दिवसांनी घरी आले, पण पुन्हा मागावर बसले नाहीत. आजार माझ्याकडूनच गेला, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. मामंजी तर मुळीच म्हणाले नाहीत. पण ते रिकाम्या मागाकडे बघत बसत, तेव्हा मला ते २,८०० रुपये आठवत.

आता विम्याचे. आमच्या तिघांची, म्हणजे हे, मी आणि मुलगा, अशी आरोग्य विम्याची पॉलिसी होती. मामंजी त्यात नव्हते. मला वाटले होते, विमा आहे म्हणजे चाचणीचे पैसे मिळतील. तसे नसते, बायांनो. आमच्यासारखी पॉलिसी प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च देते. चाचणी करून माणूस घरीच राहिला, तर तो खर्च आपला. ह्यांची चाचणी दाखल होण्याआधीचा खर्च म्हणून धरण्यासारखी होती. पण प्रयोगशाळेने तिघांची मिळून एकच पावती दिली होती. ती कंपनीने परत पाठवली. मुलाने खेटे घालून नावाची वेगळी पावती आणली, तेव्हा कुठे ते २,८०० मिळाले. मुलाचे मिळाले नाहीत, कारण तो दाखल झालाच नव्हता. रुग्णालयाच्या बिलातले डॉक्टर-परिचारिकांच्या संरक्षक पोशाखांचे आणि हातमोज्यांचे पैसेही कापले गेले. वापरून टाकायच्या वस्तू पॉलिसीत बसत नाहीत, असे उत्तर आले. त्याच महिन्यात, १० जुलै २०२० पासून, 'कोरोना कवच' नावाची पॉलिसी निघाली. तिच्यात हा खर्च धरला होता. पण घरात आजार शिरल्यावर ती घेऊन काय उपयोग? तिलाही पहिले पंधरा दिवस थांबावे लागे.

ह्या चाचणीचा दर कसा उतरत गेला, तेही ऐका. मार्च २०२० मध्ये देशभर खाजगी चाचणीला ४,५०० रुपयांची मर्यादा होती. महाराष्ट्र सरकारने जूनमध्ये ती २,२०० वर आणली, सप्टेंबरमध्ये १,२०० वर, ऑक्टोबरमध्ये ९८० वर. २०२१ च्या एप्रिलात ५०० रुपये आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ३५० रुपये. हे सर्वांत कमी दर, आपण केंद्रावर गेलो तर; घरी बोलावले की जास्त. म्हणून पैसे देण्याआधी सरकारी दर काय आहे, हे विचारायला संकोच करू नये. भाजीवालीशी आपण रुपयासाठी घासाघीस करतो आणि इथे मुकाट्याने नोटा मोजतो!

आणखी एक. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही खुली झाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते, पुढे ते पाच लाख झाले. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होतानाच त्याला गाठावे, बिल झाल्यावर नव्हे. सत्तरी गाठलेल्या वडीलधाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेचे वेगळे कार्डही मिळते. मामंजींचे आम्ही काढून घेतले.

माझ्या घरी आता एक कापडी पिशवी खुंटीला असते. तिच्यात शिधापत्रिका, आधार कार्डे, विम्याचे कागद आणि प्रत्येकाच्या नावाची वेगळी पावती. आपल्या मंडळानेही महिन्यातून एक दुपार कागद वाचून दाखवायला ठेवावी, अशी माझी सूचना आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांची सोय होईल.

शेवटी इतकेच सांगते. घरात आपण सर्वांना वाढून मग उरलेले खातो. ते खुशाल करा. पण चाचणीच्या बाबतीत स्वतःला शेवटी ठेवू नका. ज्या हाताने सगळे घर जेवते, तो हात आधी तपासायला हवा. मला हे २,८०० रुपयांत शिकता आले असते. मी ते फार महाग शिकले.

काही चुकले असेल तर लहान बहीण समजून पदरात घ्या. एवढे बोलून मी माझे चार शब्द संपवते.