हेलिकॉप्टर निवडताना आम्ही कुठे असतो?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



लढाऊ हेलिकॉप्टर हा विषय घेतला म्हणून मघाशी दोघातिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, वस्तीतल्या पोरांना याचा काय उपयोग? रेशनवर बोल, फीवर बोल. मी म्हणतो, ज्या विषयावर फक्त रिटायर झालेले जनरल आणि इंग्रजी पेपरवाले बोलतात, तिथेच आपण हटकून तोंड घातलं पाहिजे. सरकार एखादं यंत्र निवडतं तेव्हा ते कोणाच्या पैशाने येणार, कोणाच्या हातून घडणार आणि कोणावर चालणार, हे सगळं त्या निवडीतच ठरून जातं. आणि त्या टेबलाला आपली खुर्ची नसते.

आधी गोष्ट नीट समजून घ्या. नुसत्या शिव्या देऊन भागत नाही.

१९९९ साली कारगिल झालं. घुसखोर डोंगरमाथ्यावर, आपले जवान खाली. हवाई दलाकडे तेव्हा रशियन बनावटीची एमआय-३५ हल्ला हेलिकॉप्टरं होती. दणकट, पण जड. हेलिकॉप्टर हवेतच कसं राहतं? पाती हवा खाली ढकलतात म्हणून. उंचावर हवा विरळ. पाती फिरतात पण उचल मिळत नाही, इंजिनचाही दम तुटतो. ती तिथे कामाला आली नाहीत. मग माणसं आणि माल वाहायच्या एमआय-१७ वर रॉकेटं बांधून पाठवली. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगपाशी त्यातलं एक क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. आतले चौघे मेले. यंत्र निवडणारे वेगळे असतात, त्यात बसून मरणारे वेगळे.

तेव्हा उंचावर लढणारं हलकं हेलिकॉप्टर पाहिजे ही मागणी खरी आहे. ती मी नाकारत नाही. एचएएल या सरकारी कारखान्याने २००६ साली ते काम हाती घेतल्याचं जाहीर केलं, २९ मार्च २०१० ला ते पहिल्यांदा उडालं आणि ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला हवाई दलात दाखल झालं. नाव 'प्रचंड'. वजन भरून ५,८०० किलो. १६ हजार फुटांवर उतरतं आणि तिथून पुन्हा उडतं. कारगिलपासून मोजा, तेवीस वर्षं. सरकारने एक गरज तेवीस वर्षं डोक्यात धरून ठेवली. हे लक्षात ठेवा, मला यावर परत यायचंय.

मधल्या काळात अमेरिकेचं दुकानही उघडंच होतं. रशियाच्या एमआय-२८ ला मागे टाकून अपाचे निवडलं. २०१५ साली हवाई दलासाठी २२ चा करार झाला. लष्करासाठी आणखी ६ चा करार २०२० च्या फेब्रुवारीत, ट्रम्पसाहेब पाहुणे आले होते तेव्हा. त्या सहांची किंमत २०१७ च्या मंजुरीत ४,१६८ कोटी धरली होती. त्यातली पहिली तीन आली जुलै २०२५ ला.

आणि हे नाव बघा. अपाचे. ती अमेरिकेतली मूळची जमात. तिचा पुढारी जेरोनिमो १८८६ साली अमेरिकन फौजेला शरण आला. त्याची माणसं कैदी करून लांब नेली. आता त्याच फौजेने आपल्या मशीनला त्यांचंच नाव दिलंय. चिनूक पण जमातच. आधी माणूस संपवायचा, मग त्याचं नाव शोभेला लावायचं. ही रीत आपल्याला नवी नाही, साला.

आता स्वदेशीचं. २८ मार्च २०२५ ला सरकारने एचएएलबरोबर १५६ प्रचंडचा करार केला. ६६ हवाई दलाला, ९० लष्कराला. रक्कम ६२,७०० कोटी, कर वेगळा. भागाकार करा. एका हेलिकॉप्टरमागे ४०० कोटींच्या वर. यात ट्रेनिंग आणि बाकी सामानही धरलंय, हे प्रामाणिकपणे सांगतो. इंजिन फ्रेंच कंपनीबरोबर मिळून बनवलेलं, तोफ फ्रेंच. तरी माझं मत विचाराल तर अपाचेपेक्षा प्रचंड बरं. का, ते देशभक्तीच्या पोवाड्यातून नाही सांगत. मामाच्या पगारातून सांगतो.

माझा मामा ओझरला, नाशिकजवळ, एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होता. आयटीआय करून राखीव जागेवर लागला. त्याच्या एका पगारावर आमच्या तीन घरांतली सहा पोरं शिकली. त्यातला एक इथे उभा आहे. सरकारी कारखान्यात अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के, ओबीसींना २७ टक्के जागा आहेत. त्या भरतात की बॅकलॉगच्या फायलीत कुजतात ही वेगळी लढाई, पण लढायला कायदा हातात आहे. अपाचेचे सांगाडे हैदराबादला टाटा-बोईंगच्या कारखान्यात बनतात. तिथे, खाजगी कंपनी म्हणून, राखीव जागेचा कायदाच नाही. म्हणजे हेलिकॉप्टर कुठलं घ्यायचं ठरतं तेव्हा कोणाचा मामा फिटर होणार हेही ठरतं.

पण प्रचंडच्या करारातही मेख आहे. सरकार म्हणतं, अडीचशेच्या वर देशी कंपन्या यात येतील, साडेआठ हजारांच्या वर रोजगार होईल. बरं. यातला किती रोजगार एचएएलच्या स्वतःच्या मस्टरवर आणि किती या अडीचशे मालकांच्या? मालकाच्या आणि ठेकेदाराच्या मस्टरवर बाबासाहेबांची घटना पोचलेली नाही. यंत्र स्वदेशी, कंत्राट स्वदेशी आणि जात पण स्वदेशीच.

आता ते चालणार कोणावर? मार्च २०२२ मध्ये सरकारने पहिल्या १५ प्रचंडना मंजुरी दिली तेव्हा त्याची कामं पत्रकात छापली. उंचावरचे बंकर फोडणं, शत्रूची हवाई संरक्षण यंत्रणा मोडणं. आणि त्याच यादीत, जंगलातल्या व शहरी भागातल्या बंडखोरीविरोधी कारवाया. जंगल कोणाचं, आदिवासींचं. शहरी भागात दाटीने कोण राहतं, ते या खोलीत बघून घ्या. तसं वापरलंय असं मी म्हणत नाही. पण ५ मार्च १९६६ ला मिझोरममधल्या ऐझॉल गावावर आपल्याच हवाई दलाच्या विमानांनी मारा केला होता. खाली राहणारे याच देशाचे नागरिक होते.

मला कोणी सैन्याचा दुश्मन म्हणू नये. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद केली, लढाऊ जात नाही म्हणून. तीही एक निवडच होती. बाबासाहेब १९४१ साली डिफेन्स ॲडव्हायझरी कमिटीवर होते आणि त्याच साली महार रेजिमेंट उभी राहिली. त्याच बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडताना हिशेब मांडला की साडेतीनशे कोटींच्या उत्पन्नातले १८० कोटी सैन्यावर जातात, आणि हे चुकीच्या परराष्ट्र धोरणामुळे. सैन्यात आपला माणूस पाहिजे हे ज्यांनी सांगितलं, त्यांनीच खर्चाची पावतीही मागितली.

तर पावती. गटारात उतरणाऱ्या माणसाला यंत्र देण्यासाठी केंद्राची 'नमस्ते' योजना आहे. सबंध देशाला, २०२५-२६ पर्यंतच्या तीन वर्षांसाठी तरतूद सुमारे ३५० कोटी. एका हेलिकॉप्टरपेक्षा कमी. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, २०२३ साली सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्यायला सांगितलं. माणूस अजून उतरतोच आहे. १६ हजार फुटांवर हवा किती विरळ, हे मोजून सरकारने पाती बनवली. बारा फूट खाली गटारात हवा कसली असते, हे मोजायला कोणाला तेवीस वर्षं द्यावीशी वाटली नाहीत. कारण मोजणाऱ्यांच्या घरातलं कोणी तिथे उतरत नाही.

माहिती अधिकाराच्या दोन अर्जांचा मसुदा करून आणलाय. एक एचएएलला. प्रचंडच्या कामावर कायम कामगार किती, ठेक्याचे किती, अनुसूचित जाती-जमातींच्या रिकाम्या जागा किती. दुसरा सामाजिक न्याय मंत्रालयाला. नमस्तेच्या पैशातून आपल्या शहराला मशीनं किती आली आणि ती आज कुठे उभी आहेत. फी दहा-दहा रुपये. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने टाकायचा, म्हणजे एकाला दम देऊन भागणार नाही. कागद त्या बाकावर ठेवलेत. ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी बाकीच्यांना उतरवून द्या. मग प्रश्न विचारा, मी बसलोय.