आवृत्ती बदलते तेव्हा

१ नोव्हेंबर २०१४ रोजी बंगळूर शहराचे सरकारी नाव बेंगळुरू झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पत्रांवरचे मथळे बदलले. पुढे तेथील मुख्य रेल्वे स्थानकालाही क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचे नाव देण्यात आले. परंतु तिकिटावरची त्या स्थानकाची खूण ‘बंगळूर सिटी’च्या काळातली, एस-बी-सी, हीच राहिली. २००८ साली विमानतळ शहरातून उठून देवनहळ्ळीस गेला, तेव्हा बी-एल-आर ही त्याची तीन अक्षरेही त्याच्याबरोबर गेली. नवे नाव माणसांच्या जिभेवर यथावकाश रुळते. आरक्षणाच्या यंत्रांत आणि जगभरच्या वेळापत्रकांत रुतून बसलेली खूण हलविणे मात्र निराळे. तेथे एक अक्षर बदलले की न पाहिलेल्या शंभर जागी काहीतरी अडते.

श्रोतेहो, याच शहरात हजारो प्रोग्रामर रोज हाच प्रश्न सोडवीत असतात. संकेतस्थळ बांधणारा कोणी पायापासून सगळे स्वतः बांधीत नाही. आलेली मागणी ओळखणे, माहिती शोधणे, पान रचून परत धाडणे, ही नित्याची कामे आधीच करून ठेवलेला एक सांगाडा तो घेतो आणि त्यावर आपले घर उभारतो. या सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहतात. सर्वसाधारण संकेत असा की, आवृत्तीच्या क्रमांकातील पहिला आकडा वाढला, तर कर्त्याने जुने काही मोडण्याची मुभा घेतली आहे असे समजावे. मुभा कर्ता घेतो; मोडलेले सावरावयाचे काम घरमालकाकडे येते.

असा एक सांगाडा म्हणजे ‘वेब डॉट पाय’. मराठी कानाला हे नाव गमतीचे वाटेल. यातील ‘पाय’ पायथॉन या संगणकभाषेचे लघुरूप आहे. अमेरिकेतील ॲरन स्वार्ट्झ या तरुणाने तो रचला आणि २००६ साली सर्वांसाठी खुला केला. त्याच्या उभारणीत व सांभाळात बेंगळुरूचे आनंद चिटिपोतू यांचा मोठा वाटा आहे. प्रत्येक पुस्तकाला एक पान देण्याचा संकल्प करणारे ‘ओपन लायब्ररी’ हे संकेतस्थळ याच सांगाड्यावर उभे राहिले.

आणि मग खालची जमीनच हलली. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉनची तिसरी आवृत्ती निघाली. ती दुसरीशी जुळणारी नव्हती. हे हौसेखातर केले नव्हते. ‘बेंगळुरू’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याच्या हिशेबाने त्यात ४ अक्षरे आहेत. युनिकोडच्या हिशेबाने, वेलांट्या-उकार सुटे धरून, ८ चिन्हे. आणि साठवणीच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत २४ बाइट. जुना पायथॉन साध्या मजकुराला बाइटांची माळ समजे आणि २४ मोजी. नवा ८ मोजतो. (चारपर्यंत तोही पोहोचलेला नाही.) इंग्रजीत हा फरक जाणवतही नसे, म्हणून इतकी वर्षे खपून गेला. मराठी, कन्नड नावे आली की जुने प्रोग्राम मधेच बंद पडत. तेव्हा ही मोडतोड आपल्यासारख्यांच्या सोयीची होती, हे मान्य केले पाहिजे.

परंतु त्याच फेऱ्यात आणखीही काही बदलले. ७ ला २ ने भागले असता जुना पायथॉन ३ म्हणे, नवा ३.५ म्हणतो. बंद पडणारा प्रोग्राम निदान ओरडून सांगतो. हा बदल मुकाट्याने उत्तर बदलतो. ज्या कचेरीत आकारणीचे हिशेब होतात तेथे याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

सप्टेंबर २००९ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पायथॉनकारांची पहिली भारतीय परिषद भरली, तेव्हा नव्या आवृत्तीला वर्षही झाले नव्हते. एका रूपांतरयंत्रातून जुना मजकूर काढला की काम झाले, अशी कर्त्यांची कल्पना होती. ती फोल ठरली. कारण प्रत्येक प्रोग्राम दुसऱ्याच्या दहा प्रोग्रामांवर टेकलेला, आणि ते दहा बदलल्याशिवाय अकराव्याला हलता येईना. जुन्या प्रवाशांना मिरज आठवेल. पुण्याहून बंगळूरला पूर्वी मीटरगेजने थेट जाता येई. १९७१ मध्ये कोल्हापूर-मिरज-पुणे मार्ग ब्रॉडगेज झाला, पुढचा मीटरगेजच राहिला, आणि सुधारणेच्या कृपेने प्रवासी पेट्या-वळकट्या घेऊन मिरजेस गाडी बदलू लागले. पुढचा मार्ग रुंदावला तो १९९० च्या दशकात. अर्धी सुधारणा कधी कधी जुन्याहून गैरसोयीची असते.

पायथॉनच्या कर्त्यांनी हे ओळखले, जरा उशिराच. २०१२ साली ३.३ या आवृत्तीत जुन्या लेखनाचे एक चिन्ह मुद्दाम परत घेतले, जेणेकरून तोच मजकूर दोन्हींकडे चालावा. जुन्या आवृत्तीची अखेर २०१५ ला ठरली होती, ती २०२० वर नेली. या दोन सवलतींनी जे साधले ते आधीच्या आग्रहाने साधले नव्हते. ‘जँगो’ या दुसऱ्या सांगाड्याने तर नियमच केला आहे की, जे काढून टाकावयाचे ते आधी सूचना देऊन निदान दोन आवृत्त्या चालू ठेवावयाचे. सरकारी कारभारात नोटिशीची मुदत असते, तिचेच हे रूप.

तरीही मुदत पाळावयास कोणीतरी जागेवर असावे लागते. ठेक्याने बांधून घेतलेले संकेतस्थळ ठेका संपल्यावरही चालू असते. बांधणारे दुसऱ्या नोकरीवर गेलेले असतात. सूचना येतात, वाचणारा नसतो. मुदत संपली की नव्याने सापडलेली भगदाडे कर्ते बुजवीत नाहीत, आणि आत नागरिकांची नावे, सर्व्हे नंबर, हप्ते तसेच पडून असतात.

‘वेब डॉट पाय’चा कर्ता तर जगातच राहिला नव्हता. ॲरन स्वार्ट्झ २०१३ च्या जानेवारीत, सव्विसाव्या वर्षी गेला. सांगाड्यावर उभी असलेली घरे मात्र होती. सांभाळणाऱ्या मोजक्या माणसांनी प्रथम, २०१९ मध्ये, जुन्या व नव्या दोन्ही पायथॉनवर चालेल अशी ०.४० ही आवृत्ती काढली. दोन्ही रूळ एका मार्गावर टाकावेत तशी. पुढच्या वर्षी जुना रूळ उखडला. मात्र ज्याला पायथॉन २.७ सोडता येत नाही त्याने ०.५१ घ्यावी, अशी सूचना सांगाड्याच्या माहितीपत्रात त्यांनी लिहून ठेवली.