बाप जेलात, शिक्षा लेकराला

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



वर्धापन दिनाला आपण बाबासाहेबांचे चरित्र, शिक्षण, व्यसनमुक्ती, संघटना अशा विषयांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा आम्ही वेगळाच विषय मागून घेतला. या विषयावर वस्तीत कुजबुज होते, पण मंचावरून कोणी बोलत नाही. घरातला कर्ता माणूस जेलात गेला म्हणजे मागे राहिलेल्या बायकोचं, म्हाताऱ्या आईबापाचं आणि लेकराबाळांचं काय होतं, हा तो विषय.

जेल आपल्या समाजाला नवीन नाही. ६ डिसेंबर १९६४ रोजी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला. १९६५ च्या फेब्रुवारीपर्यंत लाखो माणसं तुरुंगात गेली. जेलं पुरली नाहीत. बाया लेकरं काखेत घेऊन आत गेल्या, असं आमचे वडीलधारे सांगत. पुढे विद्यापीठाच्या नामांतरासाठी ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. आपल्याच वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या आणि माणसं पकडली गेली. त्या वेळी ज्याचा बाप जेलात, त्या पोराला वस्ती डोक्यावर घेत होती. त्याच्या घरी कोणी ज्वारी नेऊन दिली, कोणी त्याच्या आईचं निंदण करून दिलं. "माझा बाबा जेलात आहे" हे पोरगं छाती पुढे करून सांगत होतं.

आता त्याच पोराच्या वयाचं दुसरं पोरगं पाहा. त्याचा बाप चळवळीत नाही, कुठल्याशा गुन्ह्यात पकडला गेला. हे पोरगं शाळेत सांगतं, "माझे बाबा सुरतला कामाले गेले." जेलाच्या भिंती त्याच आहेत, मुलाखतीची खिडकीही तीच आहे. बदलली ती वस्ती. तेव्हा वस्ती त्या घरात जात होती, आता त्या घरावरून मान खाली घालून पुढे जाते.

अशा घरात काय होतं ते क्रमानं सांगतो. पहिल्या आठवड्यात मजुरी बंद. दुसऱ्यात वकिलाची फी, त्यासाठी मंगळसूत्र नाहीतर बचत गटाचं कर्ज. मग घरमालक खोली खाली करा म्हणतो. आई दोन घरची धुणीभांडी जास्त धरते, म्हणून मोठी मुलगी लहान भावंडांसाठी घरी राहते आणि तिची शाळा सुटते. मोठा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर चहाच्या टपरीवर लागतो. जमलेलं लग्न मोडतं. लहानग्याला तर कोणी काही सांगतच नाही. पोलीस आले, बापाला घेऊन गेले, एवढंच त्यानं पाहिलेलं असतं. रात्री कोणी दार वाजवलं की ते उठून बसतं, अंथरूण ओलं करतं. लोक म्हणतात पोट्टं बिघडलं. बिघडलं नाही, बाप्पा, ते भ्यायलेलं आहे.

भेटीचीही गोष्ट सोपी नाही. अकोल्याचा माणूस इथल्या जिल्हा कारागृहात असेल तोवर ठीक. शिक्षा लागून तो अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात गेला म्हणजे जाणं सुमारे शंभर किलोमीटर आणि येणं तितकंच. एका मुलाखतीसाठी मायलेकरांचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. मग महिन्याची भेट वर्षावर जाते. काही कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम झाला. त्यात लेकरांना जाळीशिवाय बापाला, आईला भेटता आलं, त्यांच्या मांडीवर बसता आलं. अमरावतीत 'वऱ्हाड' ही संस्था बंद्यांच्या कुटुंबांत काम करीत आली आहे. अशी कामं होतात, पण ती थोडी आहेत.

कोणी विचारील, "गुन्हा केला म्हणून आत गेला, त्याचं काय एवढं?" बंधूंनो, आत गेलेला प्रत्येक जण गुन्हेगार ठरलेला नसतो. सरकारच्याच नोंदीप्रमाणे २०२२ च्या शेवटी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचा आहे अशी. चारातले तीन! अनुसूचित जातींचं प्रमाण पाचात साधारण एक, लोकसंख्येतल्या आपल्या हिश्श्याहून जास्त. यातले कितीतरी जामीन मंजूर होऊनही आतच राहतात, कारण जामीनदार मिळत नाही. ज्याच्या सात पिढ्यांत सातबारा नाही, त्यानं जामीनदार कुठून आणावा?

आम्ही मिलमध्ये पाळी करणारी माणसं, वकील नाही. पण लोकांसोबत कोर्टाच्या चकरा मारून जे शिकलो ते सांगतो. तुरुंगात असलेल्या माणसाला, बाईला, अनुसूचित जातीच्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मिळकत कितीही असो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा. जामीन मिळून महिना झाला तरी हमी भरता आली नाही, तर अटी सैल करण्याचा विचार कोर्टाने करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला दिले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. मात्र गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसावा आणि त्याच्यावर दुसरे खटले नसावेत. ही कलमं कागदावर आहेत, पण ज्याच्यासाठी आहेत त्याच्या बायकोला ती कोणी वाचून दाखवत नाही.

आई जेलात गेली तर दुःख आणखी मोठं. सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आईबरोबर आत राहू शकतं. २०२२ च्या शेवटी देशात १,५३७ आया १,७६४ लेकरांसह तुरुंगात होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात सांगितलं, की या लेकरांना आहार, औषध, पाळणाघर मिळालं पाहिजे आणि जेलात जन्म झाला तरी दाखल्यावर जेलाचं नाव येता कामा नये. का? जन्मभर तो डाग त्या लेकराला वाहावा लागू नये म्हणून.

आता मुद्द्यावर येतो. जन्माचा डाग म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण संशय गेला नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी समाजातल्या शिक्षकानं नोकरी सोडून २०१२ मध्ये 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा काढली. भीक मागत फिरणारी, आईबाप जेलात असलेली फासेपारध्यांची लेकरं त्यानं तिथं शिकायला बसवली. माणूस एकटा निघाला आणि एवढं उभं झालं. आपल्याजवळ तर विहार आहे, समिती आहे, महिला मंडळ आहे.

भगवान बुद्धांनी सांगितलं, की प्रत्येक जण आपापल्या कम्माचा धनी आहे. बापाचं कम्म बापाचं, लेकराचं लेकराचं. मागच्या जन्माच्या पापाने माणूस नीच जन्मतो हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये खोडून काढला. मग शेजारच्या लेकराला "चोराचं पोट्टं" म्हणताना आपण कोणाचा धर्म पाळतो? ज्यांनी आपल्याला जन्मावरून हिणवलं, त्यांचाच ना!

धम्माच्या इतिहासात जेलाची गोष्ट आहे. अजातशत्रूने आपला बाप राजा बिंबिसार याला कोंडून उपाशी ठेवलं. अट्ठकथा सांगते, की राणी कोसलदेवी लपवून अन्न नेत होती, तर तिचीही भेट बंद केली. पुढे अजातशत्रूला स्वतःला मुलगा झाला, बापाची माया काय असते ते कळलं, पण तोवर बिंबिसार गेला होता. तोच अजातशत्रू पुढे बुद्धांकडे आला, आपलं पाप कबूल केलं, आणि तथागतांनी त्याचं ऐकून घेतलं. बापाला मारणाऱ्यालाही ज्या धम्मात जागा मिळाली, त्या धम्माच्या विहारात एका निष्पाप पोरीला मागच्या सतरंजीवर का बसावं लागतं?

याचा अर्थ गुन्ह्याकडे डोळेझाक करा असा नाही. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचं घरही वस्तीतच असतं, त्याच्या लेकरांचे अश्रूही तितकेच खरे. त्या घरी आधी गेलं पाहिजे. जिथं बापानेच आईवर हात टाकला, तिथं लेकराला बळजबरीने भेटीला नेऊ नये, त्याची इच्छा विचारावी. न्याय कोर्ट करील. लेकरू सांभाळणं हे वस्तीचं काम आहे.

म्हणून समितीपुढे चार गोष्टी ठेवतो. एक, कोणाच्या घरचा माणूस आत गेला की आठ दिवसांत महिला मंडळाच्या दोघींनी त्या घरी जावं, चौकशीला नव्हे, धान्य घेऊन. दोन, बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्यावा. बंद्यांच्या मुलांचाही तिथं विचार होतो, आणि २०२३ मध्ये तिची रक्कम महिना २,२५० रुपये झाली आहे. कार्यालय जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं. तीन, वर्गणीतून थोडा पैसा अमरावतीच्या भाड्यासाठी बाजूला ठेवावा. चार, विहाराच्या अभ्यास वर्गात त्या लेकरांना नाव घेऊन बोलवावं, आणि बापाबद्दल कोणीही विचारू नये, गुरुजींनीही नाही.

लेकराला खरं काय सांगायचं, हेही आया विचारतात. आम्ही म्हणतो, वयाप्रमाणे पण खरंच सांगा. "बाबा जेलात आहेत, कोर्ट ठरवणार आहे, तुझी काही चूक नाही." हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगा, कारण पुष्कळ लेकरांना मनातून वाटत असतं, की आपल्यामुळेच बाबा गेले.

विहार बांधायला आपण पै-पै गोळा केली, विटा वाहिल्या. त्या भिंतींच्या आत वस्तीतलं एकही लेकरू येताना दबकू नये, एवढीच आमची विनंती आहे. ती समितीने मनावर घ्यावी. 

जयभीम! नमो बुद्धाय!