हृदयविज्ञानाच्या वाटेवरील वाटाडे



शाळेच्या कोणत्याही वर्गात 'मोठेपणी कोण होणार?' असे विचारले, की 'डॉक्टर' म्हणून अनेक हात वर होतात. त्या मुलांना ठाऊक असलेला डॉक्टर म्हणजे नाडी पाहून औषध लिहून देणारा. हृदयाची कृत्रिम झडप घडवणारा अभियंता, शस्त्रक्रिया चालू असताना हृदय-फुप्फुस यंत्र सांभाळणारा परफ्युजनिस्ट, धमनीची लवचीकता मोजणारा संशोधक ही माणसे त्यांच्या पाहण्यात आलेली नसतात. जी वाट दिसलीच नाही, तिच्यावरून चालण्याची इच्छा मुलाच्या मनात उपजणार कशी? म्हणूनच हृदयविज्ञानाकडे नव्या पिढीला वळवायचे असेल, तर माहितीपत्रकांपेक्षा वाटाड्याची गरज अधिक असते. हीरक महोत्सवी वर्षात या शाळेने त्याचा विचार करणे उचित ठरेल.

या विचाराची साक्ष चेन्नईच्या गिंडी या भागात मिळते. १७९४ साली भूमापनाच्या शाळेतून उगम पावलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, १८९९ पासूनची किंग इन्स्टिट्यूट ही रोगप्रतिबंधक वैद्यकाची संस्था आणि गिंडीच्या जंगलातील जमिनीवर १९५९ साली उभी राहिलेली आय.आय.टी. या साऱ्या संस्था तेथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. परंतु गिंडीचे खरे वैभव इमारतींत नसून एका माणसाने दुसऱ्याला वाट दाखवण्याच्या परंपरेत आहे.

जी. एन. रामचंद्रन हा तरुण १९४२ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाला. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्याची कुवत ओळखली आणि त्याला पदार्थविज्ञानाकडे वळवले. पुढे १९५२ साली, वयाच्या तिशीत, रामचंद्रन मद्रास विद्यापीठाच्या गिंडी परिसरातील पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. तेथे आलेल्या जे. डी. बर्नाल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्यांना सांगितले, की कोलॅजेन या प्रथिनाची रचना अजून कोणाला उलगडलेली नाही. जवळच असलेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून नमुने मिळाले. त्यांत कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधही होते! १९५४ साली रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेनची तिपेडी रचना जगापुढे मांडली. त्वचेला, स्नायुबंधांना आणि हृदयाच्या झडपांनाही बळकटी देणारे प्रथिन ते हेच. रामन यांची पारख, बर्नाल यांनी दाखवलेला अनुत्तरित प्रश्न आणि शेजारच्या संस्थेचा मदतीचा हात या तिहींतून एक मोठे संशोधन उभे राहिले.

झडपेचीच दुसरी कथा डॉ. एम. एस. वलियाथन यांची आहे. अमेरिकेत त्यांना चार्ल्स हफनागेल यांचे मार्गदर्शन लाभले. १९५२ साली मानवी शरीरात पहिली कृत्रिम झडप बसवणारे शल्यचिकित्सक ते हेच. मायदेशी परतल्यावर वलियाथन यांनी काही काळ मद्रासच्या आय.आय.टी.त आणि पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात काम केले. एकीकडे अभियंत्यांची कार्यशाळा आणि दुसरीकडे शस्त्रक्रियागृह, अशी ही सांगड होती. १९७४ साली ते तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत गेले आणि भारतीय झडप घडवण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

त्या झडपेची निकड भारतात का होती, हे पालकांनी समजून घ्यावे. शाळकरी वयात विशिष्ट जिवाणूंमुळे घसा सुजतो. वेळीच उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. साध्या पेनिसिलिनने टळू शकणारे हे दुखणे गरिबांच्या घरात अधिक शिरते आणि परदेशी झडप तर त्याच घरांना परवडत नसे. शिवाय कृत्रिम झडपेची कसोटी कठीण असते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर झडपेला दिवसात १ लाखाहून अधिक वेळा आणि वर्षात पावणेचार कोटींहून अधिक वेळा उघडावे आणि मिटावे लागते.

श्री चित्रातील पहिल्या नमुन्याची जोडणी तुटली. दुसऱ्याची झीज झाली. तिसऱ्या नमुन्यातील कृत्रिम नीलमण्याची चकती मेंढीच्या शरीरात असताना भंगली. चौथ्या नमुन्यात विशिष्ट प्रकारच्या पॉलिएथिलिनची चकती वापरली, तेव्हा कोठे यश आले आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. पुढे ती एक लाखाहून अधिक रुग्णांपर्यंत पोहोचली. विद्यार्थ्यांना यशाची तारीख सांगितली जाते, परंतु आधीचे तीन नमुने का फसले हे क्वचितच सांगितले जाते. खरा वाटाडा आपल्या फसलेल्या प्रयोगांची वही मुलांपुढे उघडतो.

ही परंपरा गिंडीच्या परिसरात आजही चालू आहे. तेथील आय.आय.टी.च्या आरोग्य-तंत्रज्ञान केंद्रात धमनीचा ताठरपणा मोजणारे 'आर्टसेन्स' हे उपकरण विकसित झाले. ते स्वनातीत ध्वनिलहरींचा उपयोग करते, पण त्यासाठी प्रतिमा घ्यावी लागत नाही. हृदयविकाराचा धोका अगोदर ओळखण्यास अशा मापनाचे साहाय्य होते. २०२३ साली त्याच संस्थेत वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञान विभाग स्थापन झाला. वैद्यकीय विज्ञान आणि अभियांत्रिकी एकत्र शिकवणाऱ्या तेथील चार वर्षांच्या पदवीसाठी 'आयसर'च्या अभियोग्यता चाचणीतून प्रवेश मिळतो. हा पदवीधर उपचार करणारा डॉक्टर नव्हे. तो डॉक्टरच्या हातात नवे साधन देणारा संशोधक होय. 'नीट'मध्ये गुण कमी पडले म्हणून खचून जाणाऱ्या किती घरांना ही वाट ठाऊक आहे?

मोठ्या संस्थेच्या प्रवेशद्वारातूनच संशोधन सुरू होते, असेही नाही. जालना जिल्ह्यातील खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण दगावताना पाहून ते त्यांच्या उशाशी रात्र रात्र बसले आणि त्यांनी प्रत्येक लक्षणाची नोंद ठेवली. विंचवाचे विष हृदयावर आघात करते आणि त्यामुळे फुप्फुसांत पाणी साचते, हे त्यांनी नेमके हेरले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात आली, तर प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८६ साली तेथेच प्रसिद्ध झाला. पूर्वी शंभरांतील चाळीसच्या आसपास रुग्ण दगावत. पुढे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. मूळ भांडवल होते ते नीट पाहण्याचे आणि टिपून ठेवण्याचे. ही सवय लागते शाळेत, आणि ती मातृभाषेतच अधिक सहज लागते.

वाटाडेपण खर्चिक असते, हाही गैरसमज होय. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा. आणि ते त्यांना उत्तर देत. पुण्याच्या आयुका संस्थेने उन्हाळ्याच्या सुट्टीत शालेय विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांच्या सहवासात काम करण्याची संधी दिली. ज्योतिर्विज्ञानात जे घडू शकले, ते हृदयविज्ञानात का घडू नये?

या शाळेपुरता उपक्रम साधा असू शकतो. माजी विद्यार्थ्यांत जे डॉक्टर, परिचारिका, इको तंत्रज्ञ, औषधनिर्माते, अभियंते किंवा संख्याशास्त्रज्ञ आहेत, त्यांची नोंद शाळेने करावी. नववीतील इच्छुक मुलामुलींचे लहान गट करून प्रत्येक गट वर्षभर एका मार्गदर्शकाकडे सोपवावा. गुणवत्ता यादीतील पहिल्या दहांनाच न निवडता, ज्यांच्या घरातून कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही अशांना प्रथम स्थान द्यावे. रुग्णाचा खासगीपणा जपून आणि पालकांची संमती घेऊन प्रयोगशाळा दाखवावी. मुलांनी आपल्याच नाडीचे ठोके विश्रांतीत आणि धावल्यानंतर मोजून आलेख काढावा. प्रत्येकाने एक प्रश्न लिहावा आणि मार्गदर्शकाने त्याला लेखी उत्तर द्यावे.

पालकांकडून अपेक्षा एवढीच, की त्या प्रश्नाला 'परीक्षेत येणार आहे का?' या मापाने त्यांनी मोजू नये. माजी विद्यार्थ्यांकडून मागणे देणगीचे नसून वर्षातील काही दिवसांचे आहे. रामन यांनी एका विद्यार्थ्याची वाट बदलली, हफनागेल यांनी एका शल्यचिकित्सकाला आपले ज्ञान दिले. त्या दोघांच्या कामाचे फळ पुढे अगणित अनोळखी माणसांना मिळाले. या शाळेच्या बाकावर आज बसलेल्या एखाद्या मुलीलाही असाच कोणीतरी भेटायला हवा. तिचे नाव हजेरीपटावर आहेच. मार्गदर्शकांच्या यादीत आपले नाव लिहिण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी पुढे यावे.