मूळ हलवू नये



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा कामगार कायद्याची असावी. मी कळवले, 'घरच्या बागेतला बारमाही वेल'. ते हसले. युनियनच्या माणसाने मागण्यांवर बोलावे, फुलांवर बोलू नये, असा आपल्याकडे समज आहे. पण तीस वर्षे कारखान्यांची गेटे झिजवल्यावर, पन्नाशीत मला घरामागे दोन खाटा मावतील एवढी मोकळी जमीन मिळाली. तिने जे शिकवले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

माझ्या पत्नीने एका पुस्तकात बारमाही स्वीट पीचे चित्र पाहिले आणि तोच वेल हवा म्हणाली. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे काही अडले की पुस्तक उघडायचे, ही सवय जडलेली. वाचून पाहिले. सुगंधी स्वीट पी एका हंगामाचा. सिसिलीतल्या कुपानी नावाच्या ख्रिस्ती साधूने १६९९ साली त्याचे बी इंग्लंडला धाडले. बारमाही स्वीट पी हा त्याचा भाऊ, दक्षिण युरोपातला. त्याला वास नाही, पण मूळ खोल. हिवाळ्यात वरचा वेल वाळून जातो आणि वसंतात त्याच मुळातून नवे कोंब येतात. आपल्याकडे तसा हिवाळा नाही, आणि उन्हाळा कसा असतो ते आपण सध्या भोगतोच आहोत. तेव्हा मी तिला म्हटले, 'याच कुळातली आपल्याकडची एक लेक आहे, तिला आणू.' ती म्हणजे गोकर्ण. वाटाणा, हरभरा, स्वीट पी, गोकर्ण, सारे शेंगांचे एकच कूळ. बारमाही स्वीट पी काय, गोकर्ण काय, दोघांचे बी टणक, मूळ सरळ खाली जाणारे, आणि ते हलवलेले दोघांनाही सोसत नाही.

ही शेवटची गोष्ट मात्र मी पुस्तकातून शिकलो नाही.

गिरणगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत आईने डालड्याच्या डब्यात गोकर्ण लावली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आबा साळखात्यात होते. संप लांबला, भांडी गेली, मग खोली गेली, आणि आम्ही साताऱ्याकडे गावी निघालो. डबा गंजून कठड्याला चिकटला होता, म्हणून मी वेल उपटून ओल्या फडक्यात गुंडाळून नेला. परसात लावला. दोन दिवसांत त्याने मान टाकली, आठवड्यात काडी झाली. मी रडलो. आईने पदराची गाठ सोडली. तीत सात-आठ काळपट बिया होत्या. म्हणाली, "मूळ तुटलं की ते परत लागत नाही, बाळा. बी पेर." बी रुजले. आम्ही पोरेही रुजलो. आबा मात्र रुजले नाहीत. गावाने त्यांना परके केले नाही, पण पुढे कित्येक वर्षे पहाटे भोंग्याच्या वेळेला ते अंथरुणात उठून बसत.

आता कृती सांगतो. शेंग वेलावरच वाळू द्यावी. बी एका बाजूने पॉलिश पेपरवर हलके घासावे, कारण टरफल इतके टणक की पाणी आत शिरत नाही. मग रात्रभर भिजत ठेवावे. फुगेल ते पेरावे, न फुगेल ते पुन्हा घासावे. जागा उन्हाची आणि कायमची निवडावी. दीड फूट माती भुसभुशीत करून तीत जुने शेणखत मिसळावे, पाणी तुंबू देऊ नये. बी अर्ध्या पेराएवढे खोल टाकावे. आधी दुसरीकडे रुजवायचेच असेल, तर कागदाच्या पुडीत रुजवावे आणि पुडीसकट जमिनीत ठेवावे. स्वीट पीला धरायला तणावे असतात. गोकर्णीचे खोडच आधाराला वळसे घालते. म्हणून जाड खांब नको, सुतळी बांधावी. युरिया घालू नये. या कुळाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून वेलाला देतात. वरून आणखी दिला, की पाला माजतो आणि फुले रुसतात. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वेल गुडघ्याएवढा राखून छाटावा. आणि बिया पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. गोकर्णीच्या बियांनी जुलाब होतात, स्वीट पीच्या तर विषारीच.

एवढे कळणाऱ्या माणसाने एक चूक केली, तीही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याने दूरच्या जिल्ह्यात जायचे ठरवले. आम्ही भांडलो आणि एकही नोकरी जाणार नाही, असा करार केला. मला हार घातले गेले. तरुण मंडळी तिकडे गेली आणि स्थिरावली. पन्नाशीपुढचे बरेच जण मात्र वर्षभरात राजीनामा देऊन परत आले, काही आजारी होऊन. करारात पगार होता, घरभाडे होते. पण ज्याला जायचे नाही, त्याला मानाने इथेच थांबता येईल, असे एकही कलम नव्हते. ते मागायचे मला सुचले नाही. लहानपणी मेलेला वेल मी विसरलो होतो. गोकर्ण लावताना तो आठवला. त्यानंतरच्या प्रत्येक वाटाघाटीत ते कलम मी पहिल्यांदा मांडतो. कधी मिळते, कधी मिळत नाही.

आईच्या त्या सात-आठ बियांचा वंश आज माझ्या कुंपणावर आहे. त्यातल्या काही पुड्या बांधून दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना एकेक न्यावी आणि मृगाच्या पाण्यावर पेरावी. दसऱ्याच्या आत निळे फूल दिसेल. मात्र जागा नीट विचार करून ठरवावी, कारण एकदा रुजल्यावर ती बदलता येणार नाही.