शिखर गाठल्यावर पुढे काय?

श्रोतेहो, ठरलेल्या गिऱ्हाइकाला वाणी मापाहून मूठभर जास्त घालतो, हे आपण जाणताच. विमान कंपन्यांचेही तसेच. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली अशी योजना काढली. वारंवार प्रवास करणाराला गुण मिळतात, गुणांवर तिकीट मिळते. आणि पुरेसा प्रवास झाला की वरचा दर्जा, म्हणजे जादा सामान, रांगेत अग्रक्रम.

आता समजा, तुमच्या गावचा कुणी नोकरीपायी फिरून फिरून सर्वांत वरच्या पायरीवर पोचला. पुढच्या फेऱ्या कुठे कराव्यात? दर्जा म्हणजे काही सातबारा नव्हे. बहुधा तो ठरावीक मुदतीचाच, पुन्हा मिळवावा लागतो. तेवढा प्रवास आधीच झाला असेल, तर उरलेल्या फेऱ्या दुसऱ्या संघातील कंपनीकडे वळवाव्यात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स संघात आहे. तिथला सुवर्ण दर्जा संघातल्या इतर कंपन्यांतही चालतो. मग त्याच संघात दुसरे कार्ड घेऊन फारसे काय साधणार?

गुण मात्र साठवीत बसू नये. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमाने थांबली. लोकांचे गुण राहिले, पण त्यांवर जेटचे तिकीट काही मिळेना.

आणि केवळ दर्जा टिकवायला विनाकारण फेरी कराल, तर मूठभर धान्यासाठी पोते विकत घेतल्यासारखे होईल, बरं का!